नहीं तो परभणी

निजामाच्या राज्यात आमच्या गावाविषयी एक म्हण रूढ होती : 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' तिचा अर्थ सांगणारे जितके, तितके अर्थ. कोणी म्हणतात, हैदराबादेत ज्याचे बस्तान बसले नाही त्याची रवानगी इकडे होत असे. कोणी म्हणतात, तसे नव्हे. इथे जमीन काळी, ज्वारी मुबलक आणि माणसे फार चौकशा न करणारी, तेव्हा जगात कुठेच जमले नाही तरी परभणीत पोट भरते, असा तो दिलासा आहे. पहिला अर्थ घेतला तर आम्ही शिक्षा ठरतो, दुसरा घेतला तर आसरा. दोन्ही अर्थांत एक गोष्ट मात्र उघड आहे : म्हण रचणारा परभणीचा नव्हता. परभणीकराने पुढे आपल्या परीने तिचे उट्टे काढले आणि 'जगात जर्मनी, भारतात परभणी' अशी दुसरी म्हण चालू केली. तिच्यात यमकाखेरीज पुरावा काही नाही. पण गावाचा स्वाभिमान पुष्कळदा यमकावरच भागतो.

ही जुनी म्हण हल्ली मला वरचेवर आठवते, आणि तिचे कारण वर्तमानपत्रातली एक ठरावीक बातमी. 'दुसरी पृथ्वी सापडली' अशा मथळ्याची ही बातमी २०११ साली केप्लर-२२बी या ग्रहाविषयी आली, २०१४ साली केप्लर-१८६एफविषयी, २०१५ साली केप्लर-४५२बीविषयी आणि २०१६ साली प्रॉक्झिमा-बीविषयी. २०१७ च्या फेब्रुवारीत ट्रॅपिस्ट-१ या एकाच ताऱ्याभोवती सात ग्रह आढळल्याचे जाहीर झाले, तेव्हा तर एकदम सात पृथ्व्यांचा लाभ झाला. 'पृथ्वी' या शब्दाचे अनेकवचन व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर मी तेव्हाच प्रथम पाहिले! बातमीबरोबर बहुधा एक रंगीत चित्र असते. निळा समुद्र, तांबूस आकाश, क्षितिजावर दोन चंद्र. आणि चित्राखाली अगदी बारीक टाइपात 'चित्रकाराची कल्पना' असे दोन शब्द. साऱ्या बातमीतले तेच दोन शब्द मला सर्वांत प्रामाणिक वाटतात.

मला शास्त्रज्ञांची थट्टा करायची नाही. त्यांनी जे केले आहे ते माझ्या मते आपल्या काळातले सर्वांत सुंदर काम आहे, आणि ते मथळ्यापेक्षा पुष्कळ अधिक सुंदर आहे. आपल्या मुलींची फुगडी आठवा. एक थोराड बाई आणि एक लहानगी मुलगी हातांत हात गुंफून गरगरा फिरत आहेत. मुलगी मोठा फेर धरते; पण बाईदेखील अगदी जागच्या जागी राहत नाही, तीही किंचित मागे-पुढे झुलते. आता अंधार असा पडला आहे की मुलगी दिसतच नाही, फक्त बाईचे पांढरे लुगडे दिसते. त्या लुगड्याच्या झुलण्यावरून मुलगी आहे हे ओळखायचे, ती किती वजनाची आणि किती वेळात एक फेरा घेते हेही सांगायचे. मिशेल मेयर आणि दिदिये केलो या दोन स्विस शास्त्रज्ञांनी १९९५ साली हेच केले. सुमारे पन्नास प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका सूर्यासारख्या ताऱ्याच्या झुलण्यावरून त्यांनी त्याचा ग्रह ओळखला. आपला गुरू सूर्याभोवती फिरायला जवळजवळ बारा वर्षे घेतो. गुरूच्या जातीचाच हा ग्रह सव्वाचार दिवसांत फेरी पुरी करतो. म्हणजे पहिलीच वरात निघाली ती पंचांगाला झुगारून. दोघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी रीत याहून साधी, पण तिला धीर फार लागतो. ग्रह ताऱ्याच्या आडवा गेला की ताऱ्याचा प्रकाश तेवढ्यापुरता मंदावतो. पणतीपुढून चिलट गेल्यासारखे म्हणा. आपली पृथ्वी सूर्याच्या आडवी जाताना दुरून कोणी पाहिली तर सूर्यप्रकाशाचा सुमारे बारा हजारावा भाग कमी होईल, तोही काही तास, आणि वर्षातून एकदाच. २००९ साली अवकाशात गेलेली केप्लर दुर्बीण हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांकडे तोंड करून चार वर्षे जवळजवळ दीड लाख तारे एकटक पाहत राहिली ती अशी चिलटे मोजण्यासाठी. त्या आणि नंतरच्या दुर्बिणींच्या मेहनतीने २०२५ च्या सप्टेंबरात खात्रीने ठाऊक असलेल्या परग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. माझ्या शाळेच्या पुस्तकात ग्रह नऊ होते.

परंतु या सहा हजारांपैकी ज्यांना 'पृथ्वीसारखा' म्हणतात त्यांच्याविषयी आपल्याला ठाऊक काय असते? बहुधा दोन गोष्टी : आकारमान किंवा वजन, आणि ताऱ्यापासूनचे अंतर. अंतरावरून हिशेब करता येतो की तिथे पाणी असलेच तर ते पातळ राहू शकेल. असलेच तर! आमच्याकडे लग्न जुळवताना छत्तीस गुण पाहतात आणि तरीही संसाराची हमी ज्योतिषी देत नाही. इथे दोन गुण जुळले की मथळेवाले अक्षता वाटू लागतात. दूर जायला नको, आपला शुक्र पाहा. व्यासाने तो पृथ्वीच्या पंच्याण्णव टक्के आहे. दुरून पाहणाऱ्या एखाद्या ज्योतिर्विदाने त्याला पृथ्वीची जुळी बहीण ठरवले असते. त्याच्या पाठीवर तापमान चारशे साठ अंशांच्या वर आहे, शिसे सहज वितळेल इतके. आणि हवेचा दाब आपल्या नव्वद पटींनी अधिक. संध्याकाळी पश्चिमेला त्याच्याइतके देखणे दुसरे काही नसते.

२०२५ च्या एप्रिलात एक निराळी बातमी आली. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन (ते काशीला शिकलेले आहेत) आणि त्यांचे सहकारी यांनी सांगितले की, सिंह राशीतल्या १२४ प्रकाशवर्षे दूरच्या के२-१८बी या ग्रहाच्या हवेत, पृथ्वीवर जो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून निघतो अशा एका वायूची खूण दिसते. तो योगायोग असण्याचा संभव हजारात तीन, असे त्यांचे गणित. जगभर गलका झाला. लगेच इतर शास्त्रज्ञ पुढे आले. कोणी म्हणाले, हीच मापे दुसऱ्या रीतीने मांडली तर खूण दिसत नाही. कोणी दाखवून दिले की हा वायू एका निर्जीव धूमकेतूवरही आढळलेला आहे. मधुसूदनांनी स्वतःही म्हटले की नक्की शोध म्हणण्याइतका पुरावा अजून झालेला नाही. मला त्या गलक्यापेक्षा हा वाद फार आवडला. हजारात तीन इतकी शंका उरली तर आपण व्यवहारात डोळे मिटून सही करतो. ही माणसे मात्र त्या तिघांसाठी पुन्हा दुर्बीण मागायला रांगेत उभी राहतात.

पृथ्वीसारख्या इतर भूमी आहेत या कल्पनेने युरोपात एकेकाळी केवढी खळबळ माजली होती! जिओर्दानो ब्रूनोला १६०० साली रोममध्ये जिवंत जाळले, त्याच्यावरच्या आरोपांत विश्वे अगणित आहेत असे तो मानतो हाही एक आरोप होता. आपल्याकडे असे कोणाला जाळण्याचा प्रसंग आला नाही. आला नाही, कारण आपले देवच मुळी अनंतकोटी ब्रह्मांडांचे नायक. योगवासिष्ठातल्या लीलेच्या कथेत तर एका ब्राह्मणाच्या घराएवढ्या जागेत सबंध राज्य, त्यातली लढाई आणि राजाचे उभे आयुष्य मावते. म्हणून परग्रहांची बातमी ऐकून आपला म्हातारा माणूस दचकत नाही. 'असतील की,' म्हणतो आणि सुपारी कातरतो. या सहजपणाचे मला कौतुक आहे, पण त्यातला आळसही मला दिसतो. ज्याने ब्रह्मांडे अनंतकोटी मानली त्याला एक-एक मोजण्याची गरज वाटली नाही. सहा हजार हा आकडा अनंतकोटीपुढे किरकोळ आहे. पण तो मोजलेला आहे.

आणि तरी आपल्या परंपरेतले एक चित्र मला या संदर्भात महत्त्वाचे वाटते. आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईने त्या अनंतकोटी ब्रह्मांडांच्या धन्याला कुठे पाहिले? आपल्या जात्यापाशी. तिला ब्रह्मांडे नाकारायची नव्हती; पण त्यांचा धनी भेटायचा तर तो दळणाकांडणातच भेटेल, ही तिची पक्की समजूत होती. विश्व कितीही मोठे झाले तरी दळण आजचे आजच असते. या एका जाणिवेवर मी पुढचे सगळे बोलणार आहे.

कारण वादाचा खरा विषय ग्रह नाहीतच; वाद आहे 'दुसरी' या शब्दाचा. स्टीफन हॉकिंग यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ आयुष्याच्या अखेरीस, २०१७ साली, सांगू लागला की मानवजातीला टिकायचे असेल तर शंभर वर्षांत दुसऱ्या ग्रहावर वस्ती करावी लागेल. अशनी कोसळेल, रोगाची साथ येईल, हवामान बिघडेल, लोकसंख्या पेलवणार नाही. त्यांच्या म्हणण्यात भीती होती तशी काळजीही होती, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अशनी कोसळतात हे आम्हाला कोणी शिकवायला नको. जिंतूरहून लोणार काही फार लांब नाही. काळ्या कातळात पावणेदोन किलोमीटर रुंदीचा तो गोल खळगा ज्याने पाहिला आहे त्याला आकाशाविषयी फाजील विश्वास वाटणार नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हॉकिंगांचे म्हणणे एवढेच, की कणगीतले सारे बियाणे एकाच पेरणीला काढू नये. दुबार पेरणीची वेळ आली तर थोडे राखून ठेवावे.

यात वावगे काय? वावगे असे की, दुबार पेरणी त्याच रानात होते. राखलेले बियाणे घेऊन शेतकरी दुसऱ्या मुलखात जात नाही. पहिल्या पेरणीने दगा दिलेल्या मातीवरच तो पुन्हा भरवसा टाकतो.

शिवाय जाणार तरी कसे? १९७७ च्या ५ सप्टेंबरला निघालेले व्हॉयेजर-१ हे माणसाने आजवर सर्वांत दूर धाडलेले यान. सेकंदाला सतरा किलोमीटर या वेगाने ते चालले आहे. या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतचे, म्हणजे प्रॉक्झिमापर्यंतचे, अंतर तोडायला सुमारे पंच्याहत्तर हजार वर्षे लागतील. ज्ञानेश्वर होऊन गेले त्याला साडेसातशे वर्षेही झाली नाहीत. त्या यानावर एक सोनेरी तबकडी आहे. तिच्यात पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीतला एक आहे. आणि संगीतात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यान सुटल्यावर अकराच दिवसांनी केसरबाई वारल्या. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. तिथे, त्या रिकाम्या पोकळीत, आपली ओळख करून द्यायला आपण भैरवी पाठवली आहे. आणि तिच्या बोलांत एकटीच निघालेल्या बाईला विचारले आहे की बाई, तू चाललीस कुठे? तबकडी निवडणाऱ्यांना हा प्रश्न एवढा नेमका लागू पडेल असे वाटले होते की नाही, कोण जाणे.

आमची चार एकर जमीन बटईने करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना मी मामा म्हणतो, ते मला गुरुजी. के२-१८बीची बातमी मी त्यांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "जमीन कशी हाय तिथली? काळी का बरड?"

मी म्हटले, "ते अजून कळलेले नाही. कदाचित जमीनच नसेल, नुसता समुद्र असेल."

"बरं. अन् सातबारा कोनाच्या नावानं हाय?"

मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांच्या आयुष्यात हे दोन प्रश्न विनोदाचे नाहीत.

पहिला प्रश्न मातीचा. आमची काळी माती झाली कशी? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्या काळ्या कातळाचा ऊन-पावसाने चुरा झाला. पण नुसता चुरा म्हणजे माती नव्हे. त्यात शेवाळ आले, जंतू आले, गवत आले, गांडूळ आले, असंख्य पिढ्या त्यात मेल्या आणि कुजल्या, तेव्हा ती ज्वारीच्या लायकीची झाली. बोटभर थर साचायला शतके लागतात. म्हणजे माती हा जीवनाचा पाया खरा, पण ती जीवनाचीच निर्मितीही आहे. जिथे जीव नाही तिथे धूळ असते, माती नसते. मंगळावर धूळ आहे. तिच्यात परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत हे २००८ सालीच कळले. तेव्हा 'राहण्याजोगा ग्रह' याचा अर्थ एकच होऊ शकतो : आधीच कोणीतरी राहत असलेला ग्रह. ज्याने हवा श्वास घेण्याजोगी केली, माती पेरण्याजोगी केली, असा कोणीतरी तिथे कोट्यवधी वर्षे खपलेला असणार. आपल्या हवेतला प्राणवायूसुद्धा कोणा देवाने भरून ठेवलेला नव्हता; डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या-निळ्या जंतूंनी तो युगानुयुगे सोडला, तेव्हा आपण आलो. रिकामे आणि तयार घर ही गोष्ट विश्वात बहुधा नाही. रिकामे असेल तर ते तयार नाही, तयार असेल तर ते रिकामे नाही.

आणि तिथेच मामांचा दुसरा प्रश्न उभा राहतो. जमीन रिकामी आहे असे समजून लोक यापूर्वीही गेलेले आहेत. कोलंबस गेला, ऑस्ट्रेलियात इंग्रज गेले. जमीन कधीच रिकामी नव्हती. याच हॉकिंग यांनी २०१० साली बजावले होते की, परग्रहावरच्या प्रगत जीवांना हाका मारत बसू नका. ते इथे आले तर कोलंबस आल्यावर तिथल्या मूळ रहिवाशांचे झाले तसे आपले होईल. ते आपल्याकडे आले तर कोलंबस, आणि आपण तिकडे गेलो तर निर्वासित, हा हिशेब मला कधी उलगडला नाही.

बरे, तिथे माणसासारखे कोणी नसेल, नुसते जंतू असतील, तर? जंतूच्या नावाने सातबारा निघतो का? पुष्कळ शहाणी माणसे नाही म्हणतील, आणि त्यांना मूर्ख म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. रोज ताक पिताना मीही लाखो जंतू विनातक्रार गिळतो. पण ताकातले जंतू आपल्याच गोतावळ्यातले आहेत. लोणारच्या खाऱ्या, मचूळ पाण्यात, जिथे मासाही जगत नाही, तिथे जंतूंची सुखाने वस्ती आहे. २०२० च्या जूनमध्ये सारे तळे गुलाबी झाले ते त्यांच्याच रंगाने. तेदेखील आपल्याच भाऊबंदकीतले. त्यांचा आणि आपला मूळपुरुष एक. परग्रहावरचा जंतू मात्र सर्वस्वी निराळ्या घराण्याचा असेल. जीवनाचा दुसऱ्यांदा, स्वतंत्रपणे, पहिल्यापासून मांडलेला डाव. असा डाव विश्वात आणखी एकच असला, आणि आपण पाय ठेवताच आपल्या अंगावरच्या जंतूंनी तो उधळला, तर त्या नुकसानीला काय नाव द्यायचे? माझे मत विचाराल तर त्याचा सातबारा त्याच्याच नावाने आहे. वहिवाट त्याची आहे.

आणि असे मानणारा मी एकटा नाही. गॅलिलिओ नावाचे अमेरिकेचे यान गुरूभोवती जवळजवळ आठ वर्षे फिरत होते. त्यानेच दाखवून दिले की गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्रावर बर्फाच्या कवचाखाली समुद्र असण्याचा दाट संभव आहे. समुद्र म्हटल्यावर तिथे काही जगत असेल अशी शंका आली. यानाचे इंधन संपत आले होते. आज ना उद्या ते भरकटून युरोपावर पडले असते, आणि त्याच्या अंगाला चिकटलेले पृथ्वीवरचे जंतू त्या समुद्रात शिरण्याची भीती होती. तेव्हा शास्त्रज्ञांनी २००३ च्या २१ सप्टेंबरला ते यान मुद्दाम गुरूच्या हवेत घालून जाळून टाकले. २०१७ च्या १५ सप्टेंबरला कॅसिनी यानाची शनीवर अशीच आहुती दिली, तिथल्या चंद्रांसाठी. जे जंतू आहेत की नाहीत हे ठाऊक नाही, असलेच तर ते आपल्याला कधी धन्यवाद देणार नाहीत, त्यांच्या वाटेला जाऊ नये म्हणून माणसांनी उभे आयुष्य खर्चून केलेले काम स्वतःच्या हाताने जाळले. युद्धाच्या बातम्यांनी मन विटते तेव्हा मी ही दोन याने आठवतो. माणसाच्या नीतीचा इतिहास कोणी लिहिला तर त्यात या दोन तारखा असाव्यात.

जयंत नारळीकरांना यातली एक वेगळीच बाजू खुणावत होती. जीवन पृथ्वीवर उपजले नसून अवकाशातून आले असावे, हा त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांचा विचार. नारळीकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हैदराबादहून फुगा सोडून एक्केचाळीस किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली आणि तिच्यात जिवाणू शोधले. २००५ च्या दुसऱ्या फुग्यात तीन नव्या जाती मिळाल्या; एकीला हॉइल यांचे नाव दिले, एकीला आर्यभटाचे. आणि या जाती पृथ्वीबाहेरच्याच आहेत असे यातून सिद्ध होत नाही, हेही लगोलग सांगून टाकले. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. प्रश्न मोकळाच राहिला आहे. समजा, हॉइल यांचे म्हणणे खरे निघाले. मग आपणच बाहेरगावचे. कुठल्या तरी जुन्या, विझलेल्या जगाला कधीकाळी वाटले असेल, बनी तो बनी, नहीं तो पृथ्वी!

मला गाव सोडून जाणाऱ्याविषयी आकस नाही. असा आकस परभणीत राहून परवडणारही नाही. दसरा-दिवाळी झाली की आमच्या गंगाखेड, सोनपेठ, पालमकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी आणि पोरे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांना जाऊ नका म्हणण्याचा अधिकार ज्याला दोन वेळचे खात्रीने मिळते त्याला नाही. पण त्या ट्रॉलीत म्हातारी नसते. ती मागे राहते, घर राखायला, एखादी म्हैस आणि शाळेत घातलेला नातू सांभाळायला. 'मानवजात' दुसऱ्या ग्रहावर जाणार असे जेव्हा मोठमोठे लोक म्हणतात, तेव्हा मी त्या वाक्यात म्हातारीची जागा शोधतो. ट्रॉलीत जागा आहे थोड्यांना. उरलेले आठशे कोटी इथेच, दळण दळत. ज्या यानात म्हातारीला जागा नाही त्याच्या प्रवासाला मानवजातीचा प्रवास म्हणता येईल का, हा माझ्या दृष्टीने या वादातला खरा प्रश्न आहे आणि दुर्बिणीतून त्याचे उत्तर मिळणार नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्याने नदीकाठची कितीतरी जमीन खरवडून नेली. पीक गेले तर पुढच्या हंगामात येते. माती गेली ती गेली. खाली मुरूम उघडा पडला. मामांचा एक तुकडा ओढ्याकाठी होता. पाणी ओसरल्यावर ते तिथे उभे होते, मीही होतो. फार बोलणे झाले नाही. नंतरच्या आठवड्यात त्यांनी गावतळ्यातला गाळ ट्रॅक्टरने आणून त्या मुरमावर टाकायला सुरुवात केली. किती खेपा लागतील विचारले तर म्हणाले, "मोजायच्या न्हाईत."

आकाशाकडे पाहू नये असे यातून कोणी काढू नये. पूर्वी आमच्याच जिल्ह्यात असलेल्या आणि १९९९ पासून हिंगोलीत गेलेल्या औंढा नागनाथला गुरुत्वलहरी ऐकणारी मोठी वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन हात असलेली. तिचा ग्रहांशी संबंध नाही, पण ती होईल तेव्हा नातवंडांना घेऊन पाहायला जाण्याचा माझा बेत पक्का आहे. पाहणे वेगळे आणि बळकावणे वेगळे. १९६७ च्या अवकाश-कराराने चंद्र किंवा कोणताही ग्रह कोणत्याही राष्ट्राला आपल्या मालकीचा म्हणता येत नाही. राष्ट्रांना इतके शहाणपण सुचले, ते कंपन्यांना सुचेल का, ते पाहायचे.

२०१९ साली जगातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघाने आपल्या शताब्दीनिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा एक ग्रह नाव देण्यासाठी दिला. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळाले, बिभा चौधुरी या भौतिकशास्त्रज्ञ बाईंच्या स्मरणार्थ. ग्रहाचे नाव पुण्याच्या तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने सुचवले होते : संतमस. संस्कृतात त्याचा अर्थ दाटून आलेला अंधार. हा ग्रह पृथ्वीसारखा मुळीच नाही. गुरूपेक्षा वजनदार, आणि ताऱ्याच्या इतका जवळ की दोन दिवस आणि काही तासांत त्याचे वर्ष संपते. तिथे कोणी कधी राहणार नाही, काही पिकणार नाही, कोणाचा आसराही तो होणार नाही. सिंह राशीच्या दक्षिणेला तो तारा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फाल्गुन-चैत्रात मघा वर आली की तिच्या खालच्या बाजूला, जिथे फारसे काही नाही असे वाटते, तिथे बोट दाखवावे.